मावशींच्या विहिरीचं पाणी

रसायनशास्त्र ज्यांनी मला शिकवलं, त्याच सरांनी मला सुखना नदीवर नेलं. तोवर मी चिकलठाण्यात कितीतरी वर्षं राहत होते, नदी रोज ओलांडत होते, पण तिच्याकडं कधी नीट बघितलं नव्हतं. पूल आला की शेअर रिक्षातल्या सगळ्या बाया नाकाला पदर लावायच्या. मीही ओढणी लावायचे आणि पूल संपला की खाली घ्यायचे. नदीशी माझा संबंध एवढाच.

सर माझ्या कॉलेजात विभागप्रमुख होते. आधी मी त्यांची विद्यार्थिनी होते, मग त्यांच्याच हाताखाली शिकवायला लागले. माझे वडील औद्योगिक वसाहतीत हमाली करायचे आणि आमच्या वस्तीतून एम.एस्सी.ला गेलेली मी पहिली मुलगी. कॉलेजातल्या पहिल्या प्रॅक्टिकलला माझा हात इतका कापत होता की ब्युरेटची तोटी धड फिरवता येईना. बाजूच्या मुली हसल्या. सर मागं येऊन उभे राहिले आणि हळूच म्हणाले, "हात कापू दे. तू फक्त रंग कधी बदलतो तेवढं बघ." त्या दिवसापासून मी त्यांना मानत आले. माझ्या लग्नाची बोलणी मोडली तेव्हा, वडील गेले तेव्हा, नोकरी पक्की होत नव्हती तेव्हा, घरातल्या माणसांच्या आधी मी त्यांना सांगायचे.

निवृत्तीनंतर काही महिन्यांनी, एका रविवारी सकाळी त्यांचा फोन आला.

"काय करतेस?"

"कपडे भिजवलेत, सर."

"भिजू दे. जुनी चप्पल घाल आणि पुलावर ये."

पुलाखाली दहा-बारा माणसं जमली होती, बहुतेक आसपासच्या कॉलन्यांतली. हातात घमेली, फावडी. सर गुडघ्यापर्यंतचे बूट घालून पाण्यात उभे होते. पाणी म्हणायचं आपलं, काळा लगदाच होता तो. त्यातून त्या दिवशी आम्ही गाद्या, वाकळा, काच फुटलेल्या तसबिरी, थर्माकोल आणि एक अख्खा टीव्हीचा डबा बाहेर ओढला. घरी गेले तर आईनं दारातच थांबवलं आणि आंघोळीची बादली मागच्या अंगणात आणून ठेवली. "एवढं शिकून हेच करायचं होतं का?" ती म्हणाली. तिचं बोलणं मला लागलं, कारण तिच्या सासूनं हेच काम पोटासाठी केलेलं होतं.

तरी पुढच्या रविवारी गेले, त्याच्या पुढच्याही. सरांच्या बोलण्यात माणसाला उठवायची ताकद होती. ते म्हणायचे, पुलाखाली कितीही घाण काढली तरी ती परत येणार, आधी वर डोंगराकडं जायला पाहिजे. म्हणून पहिल्या उन्हाळ्यात आम्ही डोंगराच्या उतारावर समतल चर खणले. उताराला आडव्या, लांबच लांब चाऱ्या, म्हणजे पावसाचं पाणी माती घेऊन पळत सुटण्याऐवजी तिथंच जिरतं. ओढ्यात जाळीमध्ये दगड भरून छोटे बंधारे घातले. कॉलन्यांचं सांडपाणी नदीला मिळतं तिथं कर्दळ आणि वाळा लावला, कारण त्यांची मुळं घाण धरून ठेवतात. माझ्या तळहाताला घट्टे पडले. कॉलेजातल्या मुली विचारायच्या, मॅडम, जिम लावली का?

माझ्याकडं खास काम होतं ते पाण्याच्या तपासणीचं. सरांनी तीन जागा ठरवून दिल्या. पहिली वर, ओढा डोंगरातून उतरतो तिथं. दुसरी पुलाजवळ. तिसरी वसाहतीच्या खालच्या अंगाला. कारखान्यांकडून येणारा नाला नदीला मिळाल्यावर जी पहिली विहीर लागते, तिच्यापाशी. "तिसरी जागा सगळ्यात महत्त्वाची," सर म्हणाले होते. "वर आपण कितीही सुधारू, खाली काय पोचतं ते तिथंच कळणार." मी वहीच्या पहिल्या पानावर तिन्ही जागांचा नकाशा काढला आणि त्यांची सही घेतली.

ती विहीर मावशींची. वय साठीच्या पुढं, नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली, मुलगा शेंद्र्याला कारखान्यात कंत्राटी कामावर, घरात सून. नदीकाठी दोन एकराचा तुकडा. त्यात मेथी, पालक, कोथिंबीर आणि म्हशीपुरता घास. आम्ही पहिल्यांदा गेलो तेव्हा त्या बांधावर बसून जुड्या बांधत होत्या. सरांनी नदीच्या कामाविषयी सांगितलं. त्यांनी मान वर न करता ऐकलं.

"लई आले असे," त्या म्हणाल्या. "फोटू काढतेत, जातेत. तुमी किती दिस येणार?"

सर माझ्याकडं बोट करून म्हणाले, "ही दर पंधरवड्याला येईल."

"व्हय का गं?"

"येईन," मी म्हणाले.

पाणी प्यायला आत बोलावलं तेव्हा भिंतीवर बाबासाहेबांची तसबीर दिसली. मी जय भीम म्हटलं. मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं, मी कुठली, वडील काय करायचे ते विचारलं, आणि जाताना ओटीत मेथीची जुडी टाकली. नको म्हणायची सोय नव्हती.

पाण्यातला प्राणवायू मोजायची पद्धत साधी आहे. काचेची बाटली काठोकाठ भरायची, आत हवेचा एकही बुडबुडा राहू द्यायचा नाही. दोन रसायनं घालायची, बूच लावायचं आणि बाटली उलटसुलट करायची. पाण्यात प्राणवायू असेल तर तपकिरी साका धरतो. नसेल तर पांढरा. पुढं प्रयोगशाळेत आकडा काढावा लागतो, पण खरं काय ते बाटलीतच दिसतं, न शिकलेल्या माणसालाही. मावशींना ते फार आवडलं होतं. मी बाटली हलवायला लागले की त्या हातातलं काम ठेवून यायच्या.

पहिल्या वर्षी तिन्ही ठिकाणी पांढरं निघायचं. डोंगराखालच्या जागेवर कधी मळकट, फिकट तपकिरी. पाऊस झाला, चर भरले, बंधाऱ्यांमागं पाणी तुंबलं. दिवाळीनंतर पुलाजवळच्या बाटलीत तपकिरी साका धरला तेव्हा मी पाण्यात उभी राहून ओरडलेच. सर धावत आले. त्यांनी बाटली उन्हात धरली, बराच वेळ बघितली आणि चष्मा काढून पुसला. तिथं जमलेल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. त्याच दुपारी मी मावशींच्या विहिरीपाशी गेले. तिथं साका जेमतेम तपकिरी होता, पण होता.

"म्हंजी आता पाणी जित्तं हाय म्हणायचं?" मावशींनी विचारलं.

"थोडं थोडं जिवंत होतंय."

"मंग ये बस. च्या घे."

त्यानंतर त्या मला 'मॅडम' म्हणेनाशा झाल्या. 'पोरी' म्हणायला लागल्या. मी गेले की स्वतः विहिरीत बादली सोडून पाणी काढून द्यायच्या. पाय घसरेल तुझा म्हणून मला काठाकडं जाऊ देत नसत. ज्वारीची भाकर आणि ठेचा खाल्ल्याशिवाय त्या बांधावरून मी कधी परत आले नाही.

दुसऱ्या वर्षी काम वाढलं. सरांची ओळख वाढली. वसाहतीतल्या एका कारखान्याचे मोठे साहेब नदीवर येऊन गेले. त्यांनी गाळ काढायला जेसीबी दिला, रोपं दिली, आम्हाला सगळ्यांना हिरव्या टोप्या दिल्या. आम्हाला बरं वाटलं. डोंगरावरचे राहिलेले चर फावड्यानं व्हायला आणखी दोन उन्हाळे लागले असते, ते एका आठवड्यात झाले. त्या कारखान्याचं सांडपाणी कुठं जातं हे मी विचारलं नाही. मला कळत नव्हतं असं नाही. जिथं सर होते तिथं असले प्रश्न सर विचारत असतील, असं मी धरून चालले होते.

थंडी संपत आली होती तेव्हा, एका रविवारी सरांनी मला बाजूला घेतलं.

"तिसऱ्या जागेवर तू एकटी जातेस ना?"

"हो, सर."

"तिथला काठ खचलाय. रस्ताही धड नाही. मला काळजी वाटते तुझी. असं कर, तिसरा नमुना नाल्याच्या अलीकडं, नव्या रपट्यापाशी, त्या बुटक्या पुलाजवळ, घेत जा. रस्त्यावरून उतरलं की लगेच."

"पण सर, तो नाल्याच्या वर येतो. नाल्याचं पाणी त्यात येणारच नाही."

"विहिरीचं वेगळं बघू आपण. नीट, स्वतंत्र अभ्यास करू. घाईनं करायची गोष्ट नाही ती."

मी हो म्हटलं. त्या वर्षी आईचं गुडघ्याचं दुखणं वाढलं होतं, रविवारी तिला एकटं सोडून जायचं माझ्या जिवावर यायचं. विहिरीपर्यंतची खेप वाचली तर मला हवीच होती. आणि सरांना माझी काळजी वाटते, या गोष्टीचं मला सुख झालं होतं. हे आज लिहायला जड जातं. पण मला कुणी हात बांधून तिथून हलवलं नव्हतं. मी दोन वाक्यांत हलले.

उन्हाळ्यात मावशींचा फोन आला. सुनेनं लावून दिला होता.

"पोरी, येईनास तू. इहिरीला फेस आलाय."

दुसऱ्या दिवशी कॉलेज अर्धं टाकून गेले. विहिरीच्या पाण्यावर पिवळट साय धरल्यासारखी दिसत होती. मेथीची पानं कडेनं करपली होती, घास बसला होता. म्हैस बादलीत तोंड घालायची आणि फुरफुरून मागं सरायची. तिच्यासाठी सून लांबच्या हापशावरून पाणी आणत होती. मावशींनी नेहमीसारखी बादली काढून दिली. मी बाटली भरली, रसायनं घातली, हलवली. पांढरं. दुसरी बाटली. पांढरं. नाला मिळतो तिथून तिसरी भरली, तीही पांढरीच.

मावशींनी तिन्ही बाटल्या एकेक करून उचलून बघितल्या. त्यांना वाचायला येत नसलं तरी बाटली वाचता येत होती.

"मी सरांना सांगते," मी म्हणाले. "हे सगळं वहीत लिहिलंय. लगेच काहीतरी करू."

"तुझ्यावर हाय समदं," त्या म्हणाल्या.

संध्याकाळी वही घेऊन सरांच्या घरी गेले. त्यांनी पानं उलटली, शांतपणे वाचली. "एका दिवसाचा नमुना आहे," ते म्हणाले. "यावरून काही ठरवता येत नाही. वही ठेव माझ्याकडं. अहवाल करतोय, त्यात बघतो कसं घ्यायचं ते." मी वही ठेवून आले. झेरॉक्स काढावी असं माझ्या मनातही आलं नाही.

पावसाळ्याच्या तोंडावर अहवालाचं प्रकाशन झालं. जालना रोडवरच्या एका मोठ्या हॉलमध्ये. पुढच्या रांगेत कारखान्याचे साहेब, मागं आम्ही हिरव्या टोप्या घालून. मोठ्या पडद्यावर आधीची नदी आणि आताची नदी. सर फार छान बोलले. माझं नाव घेऊन मला वर बोलावलं, शाल दिली, एक रोप दिलं. "हिच्या हाताइतका खरा हात मी माझ्या विद्यार्थ्यांत पाहिला नाही," असं ते माईकवर म्हणाले. माझे डोळे भरले. आई पहिल्या रांगेच्या कडेला बसली होती, तिनंही पदर डोळ्याला लावला.

आई शेजारच्यांच्या गाडीतून पुढं गेली. अहवालाची पुस्तिका मी रिक्षात उघडली. गुळगुळीत कागद, रंगीत फोटो. शेवटून तिसऱ्या पानावर तीन जागांचा तक्ता होता. तिसऱ्या जागेसमोर लिहिलं होतं, 'औद्योगिक वसाहतीखालील नदीपात्र'. त्यापुढचे आकडे रपट्यापाशी घेतलेल्या नमुन्यांचे होते. रपटा नाल्याच्या वर आहे. विहिरीवरच्या उन्हाळ्यातल्या नोंदीचा मागमूस नव्हता. तक्त्याखाली एक ओळ होती: वसाहतीखालील पाण्याच्या गुणवत्तेत सुधारणा, काठच्या विहिरींवर दुष्परिणाम आढळला नाही. त्याखाली, नमुने व तपासणी, आणि माझं नाव.

"मॅडम, आ गया आपका स्टॉप," रिक्षावाला म्हणाला. मी बसूनच होते. त्यानं दुसऱ्यांदा सांगितल्यावर उतरले. रोप रिक्षातच राहिलं.

छापण्यात काहीतरी गफलत झाली असेल, असं मी स्वतःला समजावलं. दोन वेळा फोन केला, सर बाहेरगावी होते. तिसऱ्यांदा म्हणाले, "आल्यावर निवांत बोलू." मी वाट बघत राहिले. आठवडे गेले. खरं सांगायचं तर मला त्यांच्याकडून काही ऐकायचंच नव्हतं, म्हणून मीही जोर लावला नाही.

मग एका दुपारी कॉलेजचे शिपाई मामा वर्गाच्या दाराशी आले. "मॅडम, एक बाई आल्यात. आत या म्हटलं तर येईनात."

फाटकाशी मावशी उभ्या होत्या. धुतलेलं लुगडं, काखेत कापडी पिशवी. मी जवळ गेले तसं त्यांनी पिशवीतून ती पुस्तिका काढली. पान दुमडून ठेवलेलं होतं.

"हे तुमचंच नाव हाय ना, मॅडम?"

त्यांनी गावातल्या चार जणांना घेऊन प्रदूषण मंडळाकडं कारखान्याच्या पाण्याविरुद्ध तक्रार दिली होती. मला माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं मला माहीत आहे, सरांकडून कळलंच असणार. आदल्या दिवशी सुनावणी झाली. कारखान्याच्या वकिलानं टेबलावर ही पुस्तिका ठेवली. यांच्या बाजूनं कागद काय होता? काही नाही. मावशींनी तिथं सांगितलं की एक मॅडम आमच्या विहिरीवर यायची, तिनं पांढरी बाटली दाखवली, तिच्या वहीत आहे. सुनावणी घेणाऱ्या साहेबांनी पुस्तिका उघडून नाव वाचून दाखवलं. याच का त्या मॅडम? मावशी हो म्हणाल्या. मग त्यांनीच लिहिलंय की विहिरीला काही झालं नाही, असं साहेब म्हणाले, आणि तक्रार निकाली काढली.

"सून दोनदा वाचली," मावशी म्हणाल्या. "मी म्हनलं, पुन्यांदा वाच, दुसरं नाव आसंल."

"मावशी, मी हे लिहिलेलं नाही. माझी वही—"

"वही कुठंय?"

ती मी सरांना देऊन बसले होते.

"मी माझ्या हातानं बादली काढून दिली तुमाला," त्या म्हणाल्या. आवाज चढला नव्हता. "माझ्याच पान्यानं मला खोटं पाडलं."

त्यांनी पुस्तिका माझ्या हातात दिली आणि फाटकातून निघून गेल्या. मी मागं धावले, तुम्हाला सोडते म्हणाले. "नाय. बस हाय मला," असं म्हणून त्यांनी रस्ता ओलांडला. त्यांचं 'मॅडम' आणि 'तुमाला' मी घरापर्यंत ऐकत गेले.

त्याच संध्याकाळी सरांकडं गेले. काकू बाहेर गेल्या होत्या, सरांनी स्वतः चहा केला. मी पुस्तिका टेबलावर ठेवली आणि बोट ठेवून ती ओळ दाखवली.

"सर, हे तुम्ही लिहिलंत?"

"बस आधी."

"तुम्ही लिहिलंत का?"

"लिहिलं. आणि त्यात खोटा एक आकडा नाही. तूच काढलेत ते."

"रपट्यावरचे आहेत. तुम्ही त्याला वसाहतीखालचं म्हटलंय."

"रपटा वसाहतीच्या हद्दीत येतो. शब्दांचा प्रश्न आहे." त्यांनी कप माझ्याकडं सरकवला. "हे बघ. ते लोक शुद्धीकरणाचा प्रकल्प वाढवणार आहेत, मला शब्द दिलाय. आपण अहवालात त्यांना आरोपी केलं असतं तर जेसीबी गेला असता, डोंगरावरचं काम गेलं असतं. वरची सगळी नदी एका विहिरीसाठी पणाला लावायची का? तू शास्त्राची माणूस आहेस, विचार कर."

"विहिरीवरच्या नोंदी का वगळल्या?"

"जागा बदलली होती आपण. तेव्हा तू हो म्हणालीस."

ते खरं होतं. मी ते नाकारणार नाही, हे त्यांना माहीत होतं.

एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षी मी जर्नलमध्ये एक आकडा थोडासा सरकवला होता. आलेखाची रेघ सरळ यावी म्हणून. सरांनी तो पकडला. लाल पेनानं पानभर तिरकी रेघ मारली आणि सगळा प्रयोग पुन्हा करायला लावला. सुट्टीच्या दिवशी, एकटीला. दारात खुर्ची टाकून ते स्वतः बसून राहिले होते. मी त्यांना त्याची आठवण करून दिली.

ते खिडकीबाहेर बघत म्हणाले, "तेव्हा तू बावीस वर्षांची होतीस. मीही तरुण होतो."

"माझी वही द्या, सर."

"ती कारखान्याच्या फाईलला लावली. मूळ प्रत मागितली त्यांनी. बघतो मागून."

ती वही मला मिळाली नाही. मी चार वेळा मागितली. शेवटच्या वेळी काकूंनी दार उघडलं आणि ते झोपलेत म्हणाल्या. आतून पेपर उलटल्याचा आवाज येत होता.

पुढं काय करायचं ते ठरवायला मला महिना लागला. भीती वाटत होती, हे कबूल करते. कॉलेजात सरांचा शब्द अजून चालत होता. पण फाटकाशी उभ्या राहिलेल्या मावशी काही केल्या समोरून हलेनात. शेवटी मी एक अर्ज लिहिला. पुस्तिकेतली तिसरी जागा नाल्याच्या वर आहे, विहिरीवरचे नमुने मी घेतले होते, त्यांत प्राणवायू नव्हता, ते अहवालातून वगळले गेले, आणि जागा बदलायला मी संमती दिली ही माझी चूक होती. शेवटचं वाक्य घालावं की नाही यावर बराच वेळ बसले. घातलं. फोनमध्ये त्या दिवशीच्या बाटल्यांचा एक फोटो सापडला, तो जोडला. मंडळाच्या कार्यालयातल्या बाबूंनी वाचून अर्ज बाजूला ठेवला. "तक्रार निकाली निघालीय, मॅडम. नव्यानं द्यावी लागेल. आणि तुमची मूळ नोंद कुठाय?"

अर्जाची पोच घेऊन मावशींकडं गेले. त्या बांधाच्या पलीकडं होत्या. आत ये म्हणाल्या नाहीत. सुनेनं पोच वाचून दाखवली, चुकीची कबुली असलेलं वाक्यसुद्धा.

"सरांनी फशिवलं तुमाला?" मावशींनी विचारलं.

"हो."

"आन् तुमी मला."

"हो, मावशी."

त्या कितीतरी वेळ खुरपत राहिल्या. मग म्हणाल्या, "पानी तपासायचं तर तपासा. पर हितं, माझ्याम्होरं. वही माझ्या घरात ऱ्हाईल. सून लिहील, तुमी सही करायची."

तेव्हापासून तसंच चाललंय. महिन्यातून दोनदा जाते. बादली मी स्वतः काढते. सून मोबाईलवर बाटलीचा फोटो काढते, तारीख-वार लिहिते, मी सही करते, वही आत जाते. नवी तक्रार दाखल झालीय. एकदा तपासणीचं पथक येऊन गेलं, पण त्याच्या आदल्या दिवसापासून नाला कोरडा ठणठणीत होता, आणि ते गेल्यावर तिसऱ्या दिवशी पुन्हा पिवळं पाणी आलं. मावशींनी मेथी सोडली. वरच्या अर्ध्या तुकड्यात पावसाच्या पाण्यावर बाजरी पेरली. चहा अजून विचारत नाहीत. गेल्या खेपेला सुनेनं पाण्याचा तांब्या पुढं केला, मावशी आतून बघत होत्या.

वरची नदी मात्र खरंच सुधारलीय. सकाळी पुलाजवळ लोक फिरायला येतात. कर्दळीला लाल-पिवळी फुलं असतात, खंड्या तारेवर बसलेला दिसतो. शेअर रिक्षातल्या बायांनी नाकाला पदर लावणं सोडलंय. लोक मला थांबवून सांगतात, तुमच्या सरांनी केवढं काम केलं. मी हो म्हणते. खोटं नाही ते. त्या चरांमध्ये माझ्याही हातची माती आहे, पण त्या पाण्याकडं बघून मला आनंद होत नाही, आणि हा आनंद माझ्याकडून कुणी काढून घेतला हे मला माहीत आहे.

मागच्या महिन्यात आईच्या साडीला फॉल घ्यायला गुलमंडीत गेले होते. दुकानातून बाहेर पडताना समोर सर. हातात टॉवेलांचं पुडकं. थकल्यासारखे वाटले, चालताना एक पाय जपत होते. सवयीनं माझी कंबर नमस्काराला वाकायला लागली, ती मध्येच थांबली. त्यांनी ते पाहिलं.

"आई कशी आहे?"

"बरी आहे."

"ऐकलं, तू तिकडं जातेस. विहिरीवर." गर्दी आम्हाला दोन्हीकडून ढकलत होती. "काय निघतं?"

"पांढरं."

त्यांनी चष्मा वर सरकवला. मग अगदी जुन्या, वर्गातल्या आवाजात त्यांनी विचारलं, "रसायनं ताजी आहेत ना? जुनी झाली की फसवतात."

"ताजी आहेत, सर. दर महिन्याला नवी करते."

"मग बरोबर आहे," ते म्हणाले.

त्यांनी पुडकं एका हातातून दुसऱ्या हातात घेतलं आणि गर्दीत पुढं निघून गेले. मी फॉलचा रंग साडीशी जुळतोय का ते बघायचं विसरले होते. परत दुकानात शिरले.